सृष्टीची प्लेट माझ्या ताब्यात

४ जानेवारी, रविवार. विश्रामबाग, सांगली.

पाटणहून एसटीनं आलो. बसायला जागा नव्हती, उभ्यानं आलो. तरी कंबर ठीक. माझ्या वयाचे लोक आडवे पडून येतात.

सूनबाई मयूरी आज बँकेच्या दोन आठवड्यांच्या ट्रेनिंगला नागपूरला गेली. मुलगा विश्वजीत फौजेत, तिकडं सिक्कीमला. म्हैस व्यायला झालीय म्हणून आमची बायको अंबूबाई गावी. म्हणजे घराचा आणि नातीचा संपूर्ण चार्ज माझ्याकडं. योग्य माणसाकडं काम आलं.

सृष्टीच्या दाताच्या तारा परवा निघाल्या. दोन वर्षं बिचारी तोंडावर हात ठेवून हसायची. शाळेत पोरं तिला ‘कुंपण’ म्हणायची. आता दात असे, की हुरड्याच्या कणसातले दाणे. दिवसभर स्टीलच्या तांब्यात बघून हसतेय. मीही तांब्यात बघून हसलो.

आता तारांच्या जागी एक पारदर्शक प्लास्टिकचा साचा. नाव रिटेनर. आपण प्लेट म्हणायचं. जेवताना आणि दात घासताना काढायची, बाकी सदासर्वकाळ दातावर. नाही घातली तर दात पुन्हा जुन्या जागी सरकायला लागतात आणि परत तारा. हे सूनबाईनं मला स्वयंपाकघरात सांगितलं, जिन्यात सांगितलं, रिक्षात बसल्यावर मान बाहेर काढून सांगितलं.

मी म्हणालो, अगं, उभी हयात गुऱ्हाळावर गुळव्या होतो मी. काहिलीत रस उकळतोय, आणि कधी उतरायचा ते नुसत्या वासावर सांगणारा माणूस. एवढी प्लास्टिकची कवडी सांभाळता येणार नाही?

सूनबाई म्हणाली, आबा, म्हणूनच सांगते.

या वाक्याचा अर्थ लागला नाही.

माझ्या दाताबद्दल इथं नोंद असावी. आजतागायत दाताच्या डॉक्टरची पायरी चढलेलो नाही. राखुंडी आणि हे बोट. ऊस अजून दातानं सोलतो. डाव्या अंगाचा वरचा एक दात जरा डुलतो, पण तो हवापालटामुळं.

६ जानेवारी, मंगळवार. सकाळी सात.

संकल्प: पहाटे उठणे. सृष्टीचं ब्रश स्वतः उभं राहून बघणे. तंबाखू बंद (सांगलीत असेपर्यंत). प्लेटची स्वच्छता स्वतःकडं घेणे.

शेवटचा मुद्दा तातडीचा. पोरगी प्लेट नुसती नळाखाली धरते, ब्रश फिरवते, झालं. मी वास घेऊन बघितला. येतो. गुऱ्हाळाचा नियम आहे: उकळी आल्याशिवाय मळी वर येत नाही, आणि मळी काढल्याशिवाय माल स्वच्छ होत नाही. रसात काय काय येतं ते खाणाऱ्यानं बघू नये, पण एकदा उकळला की निर्मळ. हे डॉक्टरला कॉलेजात कोण शिकवणार?

सृष्टी आंघोळीला गेलीय. चहाचं पातेलं मोकळं आहे. चिमूटभर खायचा सोडा टाकावा.

सकाळी सात चाळीस.

मळी काही आली नाही.

प्लेटचा बेदाणा झाला. म्हणजे सकाळी टपोरं द्राक्ष होतं, आता बेदाणा. एक बाजू आत वळली, दुसरी दुमडली. दाताचे खळगे एकमेकांत गेले. झाऱ्यानं काढली, गार पाण्यात टाकली, फुंकर घातली. उपयोग नाही.

सृष्टी केस पुसत बाहेर आली. आबा, माझी प्लेट?

मी शांत राहिलो. सांगितलं, दवाखान्यातून फोन आला होता, सर्व्हिसिंगला मागवलीय. माणूस येऊन घेऊन गेला.

म्हणाली, नवीनच तर आहे.

मी म्हणालो, अगं, मोटारसायकल नवी असतानाच पहिली सर्व्हिसिंग करतात.

जरा वेळ माझ्याकडं बघितलं. मग पातेल्याकडं. मग दप्तर उचलून गेली. गुणी पोर. फौजीची लेक. प्रश्न कमी विचारते.

बेदाणा माझ्या तंबाखूच्या डबीत. डबी कोपरीच्या खिशात.

७ जानेवारी, बुधवार.

रात्रभर विचार केला. चूक कंपनीची आहे. जी वस्तू तोंडात घालायची तिला उकळी सोसत नाही, तर तोंडात चहा जातो त्याचं काय? उद्या कुणी गरम पिठलं खाल्लं तर? जेवताना काढायची असते हे मान्य. तरी.

घाबरण्यासारखं काही नाही. गुळाची ढेप बिघडली तर आम्ही रडत बसत नाही. परत काहिलीत टाकतो, परत उतरतो. प्लेटही परत उतरेल. रविवारच्या आत काम फत्ते. सूनबाई यायला अवकाश आहे.

दुपारी पक्कड घेऊन थोडं सरळ केलं. एक चीर गेली. छोटी आहे.

९ जानेवारी, शुक्रवार.

सृष्टी रोज विचारते. काल सांगितलं, मशीन बंद आहे. आज सांगितलं, कारागीर संक्रांतीला गावी गेला. म्हणाली, संक्रांत पुढच्या आठवड्यात आहे. मी म्हणालो, लांबचा आहे.

जेवताना तिनं जिभेनं दात चाचपला. मग बोटानं. म्हणाली, आबा, हा पुढचा जरा वळल्यासारखा वाटतोय. बघा ना.

चष्मा लावून बघितलं. काही नाही म्हणालो. हात धुऊन आलो, परत बघितलं.

काहीतरी आहे.

मी म्हणालो, थंडी आहे बाळ, थंडीत सगळंच आखडतं. ती हसली. हसताना हात तोंडावर गेला. पहिल्यासारखा.

भाकरी तशीच राहिली. माझी.

१० जानेवारी, शनिवार.

अंबूबाईला फोन केला. काही कळू दिलं नाही. म्हशीची चौकशी केली, वैरणीची केली, मग सहज, ज्ञान म्हणून विचारलं, की प्लास्टिक उकळलं आणि वाकडं झालं तर घरच्या घरी सरळ कसं करतात.

मग म्हणाली, आवं, काय उकळलंसा?

मी म्हणालो, काही नाही, सहज.

म्हणाली, पोरीच्या दाताचं उकळलंसा व्हय?

मी म्हणालो, आवाज नीट येत नाही.

म्हणाली, मला लय नीट येतोय. माझी लुगडी उकळून झाली, जावयाचा स्वेटर उकळून झाला, आता नातीचं दात! काहिलीत स्वतः बसा एकदा, म्हंजी तुमची बी मळी वर येईल.

फोन ठेवला. तिला शपथ घातलीय कुणाला सांगायचं नाही. बाकी काही असो, अंबूबाई शब्दाची पक्की.

संध्याकाळी सृष्टी मैत्रिणीकडं जाऊन येते म्हणून गेली. उशिरा आली. ओठाच्या कडेला गुलाबी काहीतरी लागलं होतं. आईस्क्रीम असावं. थंडीत खाऊ नये, पण बोललो नाही. बोलायचा हक्क सध्या जपून वापरतोय.

१२ जानेवारी, सोमवार.

आज सृष्टीनं प्लेटचं नावच काढलं नाही. विसरली. पोरांचं असंच असतं, म्हणून मी धीर धरा म्हणतो.

पण दुसरी भानगड. बोलताना तिचा ‘स’ जाड येतोय. ‘सांगली’ म्हणताना जीभ अडखळली. काल असं नव्हतं. म्हणजे दात एका दिवसात इतके सरकले? जेवताना म्हणाली, दात ठणकतात, भातच वाढा. भात कालवून दिला.

जेवण झाल्यावर बाथरूममध्ये गेली आणि बराच वेळ बाहेर येईना. दाराशी उभा राहिलो. नळाचा आवाज. नळ सोडून रडत असणार. दोन वर्षं तारा सोसल्या पोरीनं. ऊस नाही, चिक्की नाही, भाजलेलं कणीस चाकूनं दाणे काढून. आणि मी चहाच्या पातेल्यात...

चूक कंपनीची आहेच. पण पातेलं आमचं होतं.

सूनबाईचा फोन. आबा, सगळं ठीक ना? म्हणालो, एकदम. म्हणाली, काही सांगायचंय का मला? म्हणालो, गॅस संपत आलाय. म्हणाली, आणखी काही? म्हणालो, नाही. म्हणाली, नक्की?

सूनबाई गुणाची, पण स्वभावानं जरा संशयी. बँकेत राहून होतं तसं.

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत.

सृष्टीनं पाया पडून तिळगूळ दिला. म्हणाली, आबा, तिळगूळ घ्या, गोड बोला. मग माझ्याकडं बघत म्हणाली, आणि खरं बोला. हल्ली पोरं सणावारातही काहीतरी नवीन घालतात.

तिळाची वडी कडक होती. डाव्या दातानं सलामी दिली. डोळ्यात पाणी आलं. मी म्हणालो, तिळाचं कुसळ गेलं डोळ्यात.

सणाचा ऊस आणला होता. सृष्टी म्हणाली, मला नको, डॉक्टर ओरडतील. म्हटलं, वातावरण जरा मोकळं करावं. तिच्यासमोर कांडं दातानं सोलून दाखवलं. निम्म्यात थांबलो. दात आता डुलत नाही, झोके घेतोय.

म्हणाली, आबा, दवाखान्यात जाऊया का तुम्हाला घेऊन?

दवाखान्यात! तिथं पाय ठेवला की सर्व्हिसिंगचा विषय निघणार. मी म्हणालो, तुझा आजा दवाखान्यात जाणाऱ्यातला नाही.

म्हणाली, माहिताय.

‘स’ अजून जाड.

१६ जानेवारी, शुक्रवार. दुपारी दीड.

रविवारी सूनबाई येणार. आता किंवा कधीच नाही.

उपाय सापडला. इतके दिवस सुचला नाही याचं नवल वाटतं. ढेप गोल का होते? साचा गोल असतो म्हणून. प्लेटला साचा पाहिजे. दातांचा. सृष्टीचे दात मिळणं अवघड, तिला कळेल. पण माझे आहेत. रक्त एकच. तिची हनुवटी माझी, कान माझे, हे सगळं गाव म्हणतं. मग दात काय शेजाऱ्याचे असतील? एखादं गुंजभर इकडंतिकडं झालं तर पोरीच्या तोंडात बसेल आपोआप.

कृती: पाणी गरम, उकळी नाही (शिकलो). प्लेट मऊ झाली की वरच्या दातांवर दाबून बसवणे. गार पाण्याची गुळणी धरणे.

दुपारी दोन.

अप्रतिम. जीभ थोडी भाजली. पण काय बसलीय! आरशात बघितलं, दिसतसुद्धा नाही. जी वस्तू दिसत नाही ती किती लोकांच्या तोंडात असेल कुणास ठाऊक.

ढेप थंड झाल्याशिवाय साच्यातून काढायची नसते. तोवर जरा पडतो.

दुपारी साडेचार.

झोप लागली. प्लेट निघत नाही.

डुलत्या दाताच्या खाचेत घट्ट धरलीय. नखानं ओढली. नाही. गोडेतेल लावलं. नाही. तूप लावलं. छान लागलं, पण नाही. सृष्टी येण्याची वेळ झाली. आरशासमोर सराव केला: ‘सृष्टी, सर्व्हिसिंग झाली.’ एक अक्षर धड येईना. सगळे ‘स’ जाड.

हा ‘स’ कुठंतरी ऐकलाय. आठवत नाही. आत्ता वेळ नाही.

चमच्याचा दांडा घेतो.

चार पन्नास.

निघाली.

दात घेऊन निघाली. प्लेटमध्ये माझा दात असा बसलाय, की जणू तिथंच उगवला. फिटिंगला नाव ठेवायला जागा नाही.

थोडं रक्त. जिन्यात चप्पल वाजतेय.

१७ जानेवारी, शनिवार.

काल लिहायचं राहिलं ते लिहितो. गाल सुजलाय, पण हात ठीक आहे.

सृष्टीनं दार उघडलं. मी मोरीशी उभा, तोंडाला पंचा, हातात प्लेट. बोलायला तोंड उघडलं तर पंचा लाल. पोरगी ओरडली नाही. दप्तर टाकलं, स्वच्छ रुमालाची घडी करून दिली आणि म्हणाली, दाबून धरा, बोलू नका. माझ्या हातातली प्लेट घेऊन उजेडात धरली. त्यात दात. ओठ थरथरायला लागले तिचे. मला वाटलं, रडणार. ती हसत होती. हात तोंडावर न घेता.

रिक्षात माझा हात धरून बसली. मीच तिच्या वयाचा असल्यासारखा.

दवाखान्यात डॉक्टर ज्ञानदा. वयानं लहान, डोळे मोठे. प्लेट हातात घेतली, फिरवून बघितली आणि म्हणाल्या, अच्छा, सर्व्हिसिंगला दिलेली ती हीच का?

मी सृष्टीकडं बघितलं. सृष्टीनं बोटानं दाताच्या कडेला धरून काहीतरी टक्कन काढलं. प्लेट. नवी कोरी. पारदर्शक. सोमवारपासून दातावर.

एकेक उलगडत गेलं. माझा फोन ठेवल्या ठेवल्या अंबूबाईनं नागपूरला फोन लावला होता. शब्दाची पक्की! सूनबाईनं तिथूनच डॉक्टरला. शनिवारी संध्याकाळी सृष्टीनं इथं येऊन दाताचं माप दिलं. ते गुलाबी आईस्क्रीम नव्हतं, माप घ्यायचा मसाला होता. जाड ‘स’ नव्या प्लेटचा. बाथरूममध्ये नळ सोडून ती रडत नव्हती, प्लेट धुऊन घालत होती. गार पाण्यानं.

रुमालातून मी एकच विचारलं. दात?

डॉक्टर म्हणाल्या, एक किंचित वळला होता, म्हणून ठणकत होता. प्लेटनं धरलाय, येईल जागेवर. पण आणखी आठवडा-पंधरवडा असाच गेला असता, तर परत तारा होत्या आबा.

खुर्चीतच होतो म्हणून बरं.

मग सृष्टीला विचारलं, मला का सांगितलं नाहीस गं?

म्हणाली, तुम्ही सांगाल म्हणून वाट बघत होते. आई म्हणाली, सांगतील. आजी म्हणाली, मेलं तरी न्हाई सांगायचे, पैज लाव. आई हरली.

डॉक्टरांनी माझ्यावर दिवा वळवला. म्हणाल्या, आता तोंड उघडा. मी म्हणालो, माझं काही नाही, बाकीचे दात पक्के आहेत. म्हणाल्या, बघू तरी. मी ओठ मिटले. सृष्टी म्हणाली, आबा. आ करा.

केला.

आरसा सगळीकडं फिरवला. मग सहायक मुलीला आकडे सांगायला लागल्या. तिनं लिहिता लिहिता कागद उलटला. हिरड्या सैल, राखुंडीनं दात झिजलेले, तंबाखूनं काय काय. हिरड्यांचे दुसरे डॉक्टर गुरुवारी येतात, तेव्हा या म्हणाल्या.

म्हणालो, गुरुवारी मी गावी असेन. सृष्टी म्हणाली, नसाल.

१८ जानेवारी, रविवार.

सूनबाई आली. चप्पल काढली, हात धुतले, तोंडाकडं बघितलं. मी भाषण तयार ठेवलं होतं. कंपनी, प्लास्टिकचा दर्जा वगैरे. ती आत गेली आणि पेज करून आणली. कोमट. म्हणाली, उजव्या बाजूनं खा आबा.

भाषण राहिलं. पेज संपवली.

मग मी म्हणालो, पातेलं मीच ठेवलं होतं गॅसवर. म्हणाली, हो. आणि रिकामी वाटी उचलून नेली.

११ फेब्रुवारी, बुधवार.

नवा दात मिळाला. काढता-घालता येणारा. गुलाबी तबकडीला चिकटवलेला, तारेच्या आकड्यानं शेजारच्या दाताला अडकतो. म्हणजे घरात तारा लागल्या त्या मलाच.

हिरड्या साफ करून झाल्या. ओरडलो नाही. सृष्टी म्हणते ओरडलो.

सूनबाईनं नव्या दाताचा चार्ज सृष्टीकडं दिलाय. सकाळ-संध्याकाळ ती माझ्यासमोर उभी राहून ब्रश बघते. डबीतला तंबाखू फेकून दिला, डबी घासून त्यात दात ठेवायला सांगितलं. दात तिचा नीट सरळ झालाय. दिवसातून दहादा विचारून खात्री करतो, तेव्हा ती तोंड उघडून दाखवते आणि म्हणते, आता तुमचा दाखवा.

उद्या गावी जायचं. कुणी विचारलं तर, मधे दात सर्व्हिसिंगला दिला होता, असं सांगायचं ठरवलं होतं. दुपारी अंबूबाईचा फोन आला. म्हैस व्याली, रेडी झाली. मग म्हणाली, दुपारच्या गाडीनं या, भावकी समदी पारावर बसणार हाय, दात बघायला. सोला म्हणत्यात एक ऊस.

१२ फेब्रुवारी, गुरुवार. पहाटे.

पिशवी भरली. चहा ठेवला. पातेलं तेच.

दाताची डबी उचलली आणि बाहेरच्या खोलीत, सृष्टीच्या उशाशी नेऊन ठेवली. पाण्याला उकळी येत होती. माझ्या हातावर माझाच भरवसा नाही.